कंटेंट तेच आहे

या वर्षीच्या अंकाचा विषय ‘चूक’ आहे, असं संपादकांनी कळवलं आणि पुढे एक ओळ जोडली: "प्रेमातल्या आणि राजकारणातल्या चुका बाकीचे लिहिणार आहेत, तुम्ही दुसरं काही बघा." मग मी मेडिकलच्या दुकानात जाऊन उभी राहिले.

पुण्याच्या पेठेतलं हे दुकान जेमतेम दहा फूट रुंद. संध्याकाळी साडेसातनंतर आजूबाजूच्या दवाखान्यांतली गर्दी थेट इथे येते. कुणाच्या हातात चिठ्ठी असते, कुणाच्या मोबाईलमध्ये चिठ्ठीचा फोटो. कुणाकडे नुसतीच आठवण असते. "मागच्यासारख्याच द्या, त्या पांढऱ्या, लांबट." एक मुलगा स्टुलावर चढून खोके उतरवतो, दुसरा खणातून पट्ट्या काढतो आणि संगणकापाशी बसलेले फार्मासिस्ट बिल करता करता प्रत्येक पट्टी चिठ्ठीशी ताडून बघतात. काढणाऱ्याने स्वतःच तपासायचं नाही, हा इथला नियम. आपण काढलेली पट्टी आपल्याला बरोबरच वाटते, म्हणून.

त्या संध्याकाळी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हे: "ते नाहीये, दुसऱ्या कंपनीचं देऊ? कंटेंट तेच आहे." बहुतेक वेळा ते खरंही असतं. मात्र कायद्याच्या नजरेत ही अदलाबदल दुकानदाराच्या हातातली नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या, म्हणजे ‘शेड्यूल एच’मधल्या औषधाऐवजी परस्पर दुसरं देऊ नये, असं औषध व सौंदर्यप्रसाधन नियम सांगतात. रोज रात्री राज्यभरातल्या काउंटरांवर हा नियम मोडतो आणि गिऱ्हाईक त्याबद्दल आभार मानून जातं, कारण नाहीतर त्याला चार दुकानं हिंडावी लागतील. मला अडचण वाटते ती पुढे. कंटेंट तेच असेल, पण ते कशासाठी आहे, घरात त्याच कामाची दुसरी गोळी आधीच आहे का, हे त्या धांदलीत कुणीच कुणाला विचारत नाही.

लाल टोपी, केशरी टोपी

फार्मासिस्टांनी खणातून दोन सिरिंज काढून माझ्यापुढे ठेवल्या. इन्सुलिनच्या. बारीक, सारख्याच लांबीच्या. एकीला लाल टोपी, दुसरीला केशरी. "यातली चुकली तर माणूस रात्रीत जाऊ शकतो," ते म्हणाले.

आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळतं. काचेच्या साध्या बाटलीत बहुधा एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट असतात. पेनच्या कार्ट्रिजमध्ये आणि काही बाटल्यांमध्ये १००. लाल टोपीची सिरिंज ४०च्या बाटलीसाठी, केशरी टोपीची १००साठी. सिरिंजवरचे आकडे त्या त्या ताकदीचा हिशेब धरून छापलेले असतात. आता समजा, पेन बिघडलं. घरातल्या कुणीतरी डोकं चालवून पेनच्या कार्ट्रिजमधलं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये ओढलं, अगदी नेहमीसारखं २०च्या खुणेपर्यंत. ती खूण अर्ध्या मिलीलिटरची आहे. ४०च्या बाटलीतून तेवढ्यात २० युनिट आले असते, १००च्या कार्ट्रिजमधून ५० येतात. म्हणजे अडीचपट. जेवण झालेलं, दिवे मालवलेले, आणि साखर खाली खाली जाते. उलट चूक झाली, म्हणजे ४०च्या बाटलीला केशरी टोपीची सिरिंज लावली, तर २०च्या खुणेवर फक्त ८ युनिट मिळतात. त्यात लगेच काही होत नाही, साखर तेवढी चढत राहते आणि डॉक्टर बिचारे डोस वाढवत राहतात.

जगातल्या बऱ्याच देशांनी ४०ची ताकद कधीच बंद केली. आपल्याकडे ती टिकून आहे, बाटली स्वस्त पडते हे त्याचं एक कारण. तेव्हा हे रंग ओळखणं आलंच. पण बाटली आणि सिरिंज एका माणसाने, एका वेळी, एका काउंटरवरून घेतली तरच ते जुळतात. बाटली सरकारी दवाखान्यातून आणि सिरिंज कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणली, की जुळवायची जबाबदारी घरातल्या आजोबांवर. आणि टोपी तर सुई टोचण्याआधीच काढून ठेवलेली असते.

नावांचा गोतावळा

इथले फार्मासिस्ट काही औषधं मुद्दाम लांब लांब ठेवतात. दुकानाची मांडणी खरं म्हणजे अक्षरानुक्रमे आहे, पण फॉलिट्रॅक्स आणि फॉलवाईट हे दोन शेजारी आले तर घात. फॉलवाईट म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड, जीवनसत्त्व. फॉलिट्रॅक्स म्हणजे मेथोट्रेक्सेट, जास्त मात्रेत कर्करोगावर आणि कमी मात्रेत संधिवातावर दिलं जाणारं जहाल औषध. गंमत अशी की संधिवाताच्या पेशंटला ही दोन्ही एकाच चिठ्ठीवर लिहून देतात, मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी व्हावा म्हणून फॉलिक अ‍ॅसिड. त्यात मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून फक्त एकदा घ्यायचं असतं.

आपल्याला गोळी रोज घ्यायची सवय. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ हे कोपऱ्यात बारीक अक्षरात असेल, तर पेशंट ती रोज घेतो. काही दिवसांत तोंड फोडांनी भरतं, मग रक्तातल्या पेशी घसरतात. जगभर या एका चुकीने माणसं दगावली आहेत. उपाय अगदी साधा: वार लिहायचा. ‘फक्त रविवारी.’ या दुकानात पाकिटावर मार्करने वार लिहिल्याशिवाय हे औषध काउंटरवरून पुढे सरकत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पाकिटावर सूर्य, अर्धा सूर्य आणि चंद्र काढून देतात. मात्र आकडा देवनागरीत लिहीत नाहीत, कारण मराठी ‘१’ घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो. दुकानातल्या मुलाने मराठीत लिहिलेला आकडा इंग्रजी शाळेतल्या नातीने वाचला तर काय होईल, याचा विचार मी तोवर केला नव्हता.

सारख्या नावांचं हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलं आहे. ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ ही मेंदूच्या मलेरियावरची दोन औषधं, दोन वेगळ्या कॅडिला कंपन्यांची, आतली रसायनं वेगळी. २००१ साली निकाल देताना न्यायालयाने म्हटलं की औषधांच्या नावांतलं साम्य इतर मालापेक्षा अधिक कडक कसोटीवर तपासायला हवं. इंग्रजी न येणारं बहुसंख्य गिऱ्हाईक, तोंडी सांगितलेली औषधं, दवाखान्यांतली घाई, डॉक्टर आणि फार्मासिस्टांच्याही हातून होऊ शकणारी गफलत, हे सगळं त्या निकालात आहे. त्यानंतर २०१९ साली नियम बदलले आणि आपलं नाव बाजारातल्या दुसऱ्या औषधासारखं नाही, अशी हमी उत्पादकाकडून घेतली जाऊ लागली. पण आधीच बाजारात असलेल्या नावांचं काय? ती आपल्या जागी आहेत. साखर उतरवणारं डाओनिल आणि जळजळीवरचं डायोव्हॉल ही जोडी जुनी माणसं अजून सांगतात.

डॉक्टरांच्या अक्षराचा विनोद आपण इतका केला आहे, की त्यातला धोका बोथट झाला. २०१६ साली तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने डॉक्टरांना सांगितलं, औषधाचं मूळ नाव लिहा, वाचता येईल असं लिहा, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहा. ओडिशाच्या उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तेच बजावलं. आता छापील चिठ्ठ्या वाढल्या आहेत आणि सगळ्यांनी हुश्श केलं आहे. हे हुश्श थोडं लवकर झालं, असं मला वाटतं. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात २०१७ साली एका नर्सला औषधाच्या संगणकी कपाटातून शामक काढायचं होतं. तिने पहिली दोन अक्षरं दाबली आणि त्याच अक्षरांनी सुरू होणारं स्नायू लुळे पाडणारं औषध बाहेर आलं. पेशंट वाचली नाही. पुढे त्या नर्सवर फौजदारी खटला चालून ती दोषी ठरली. तिथे कुणाचं अक्षर वाईट नव्हतं.

"तुमचं नाव काय?"

पुण्यातल्याच एका मोठ्या रुग्णालयात एका सिस्टरांच्या मागे औषधांच्या ट्रॉलीबरोबर फिरायला मिळालं. ट्रॉलीवर पाटी: ‘औषध काढत आहे, हाक मारू नका.’ तरी पहिल्या दहा मिनिटांत मामांनी एकदा, एका नातेवाइकाने दोनदा आणि निवासी डॉक्टरांनी एकदा हाक मारली. दर हाकेनंतर सिस्टर अर्धवट काढलेलं औषध बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होत्या. मला ते हट्टाचं वाटलं. दोन-तीन वेळा पाहिल्यावर मग नाही वाटलं.

पेशंटपाशी गेल्यावर त्या "तुम्ही अमुक तमुक ना?" असं विचारत नाहीत. झोपेतला, तापातला, ऐकू कमी येणारा माणूस कशालाही "हो" म्हणतो. त्या विचारतात, "तुमचं नाव काय?" आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघतात. बेड नंबर तर उच्चारतच नाहीत, कारण बेड बदलतात. नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी पाच गोष्टी घोकून घेतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. घोकणं सोपं आहे. रात्रपाळीला एकेका सिस्टरकडे किती पेशंट असतात ते पाहिलं, की ते पाळणं किती अवघड आहे ते कळतं.

काही औषधांना इथे दोन जणींच्या सह्या लागतात. इन्सुलिन, रक्त पातळ करणारी इंजेक्शनं, आणि सगळ्यांत कडक पहारा पोटॅशियम क्लोराइडवर. ते शरीराला लागतं, पण सलाईनमध्ये पातळ करून, सावकाश. तसंच्या तसं शिरेत दिलं तर हृदय थांबू शकतं. त्याची दहा मिलीलिटरची कुपी डिस्टिल्ड वॉटरच्या कुपीसारखीच दिसू शकते, आणि ते पाणी तर दर दुसऱ्या इंजेक्शनमध्ये मिसळायला लागतं. म्हणून इथे पोटॅशियम वॉर्डाच्या सर्वसाधारण कपाटात ठेवतच नाहीत. डॉक्टरांनी फोनवरून औषध सांगितलं तर सिस्टर ते लिहून घेतात, लिहिलेलं पुन्हा वाचून दाखवतात आणि ‘हो’ ऐकल्यावरच फोन ठेवतात. ‘पंधरा’ आणि ‘पन्नास’ फोनवर सारखे ऐकू येतात, म्हणून आकडे सुटे सुटे: एक-पाच, पाच-शून्य.

इथे एक फॉर्म आहे, चूक झाली किंवा होता होता राहिली तर भरायचा. मेट्रन म्हणाल्या, "फॉर्म कमी आले की मला काळजी वाटते." चुका कमी झाल्या असतीलच असं नाही, लपवल्या गेल्या असण्याची शक्यता जास्त. टेनेसीतल्या खटल्यानंतर तिथल्या नर्सनाही हीच भीती वाटली होती. फॉर्म भरणाऱ्या मुलीवर मेमो काढायचा की कुपी ठेवायची जागा बदलायची, यावर पुढचा फॉर्म येणार की नाही ते ठरतं. सगळीकडे असं चालतं, असं मी म्हणणार नाही. याच शहरात असे फॉर्म कधी न पाहिलेल्या सिस्टरही मला भेटल्या.

पिशवी घेऊन या

वाईतले एक डॉक्टर आपल्या जुन्या पेशंटना सांगतात, येताना घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा. मी बसले होते तेव्हा एका आजींनी बिस्किटांचा पत्र्याचा डबाच आणला होता. डॉक्टरांनी तो टेबलावर पालथा केला. कापलेल्या पट्ट्या, नाव गेलेल्या, तारीख गेलेल्या. एक डोळ्याचं औषध, उघडून किती दिवस झाले देव जाणे.

"आजी, ही कशाची?"

"बीपीची."

"आणि ही?"

"ही दवाखान्यातनं दिलेली. ती पण बीपीचीच."

मार्चमध्ये आजी साताऱ्याला अ‍ॅडमिट होत्या. डिस्चार्ज कार्डवर टेल्मिसार्टन एका कंपनीच्या नावाने लिहिलेलं होतं. घरी तीच गोळी, त्याच मात्रेची, दुसऱ्या नावाने आधीपासून चालू होती. नावं वेगळी, पट्ट्यांचे रंग वेगळे, म्हणून आजींनी दोन्ही घेतल्या. गेले दोन महिने सकाळी उठलं की चक्कर यायची आणि ती उन्हाळ्यावर ढकलली गेली. कंटेंट तेच आहे, हे वाक्य इथे कुणीतरी म्हणायला हवं होतं.

वास्तविक पट्टीवर मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा ठळक छापायचा नियम आहे. पण ते इंग्रजीत, चकचकीत पट्टीवर, आणि चार-चार गोळ्या कापून घेतल्या की नावाचा तुकडा दुकानातच राहतो. ज्या बाजूला तारीख असते ती बाजू शेवटी कापावी, हे चांगल्या दुकानात पाळतात. 

डॉक्टरांनी त्या डब्यातून आणखी काय काय काढलं ते सगळं सांगत बसत नाही. एक मात्र सांगायलाच हवं. आजी संकष्टी करतात. दिवसभर साबुदाण्याची वाटीभर खिचडी, चंद्रोदयानंतर जेवण. शुगरची गोळी मात्र सकाळी ठरलेल्या वेळी, कारण "गोळी चुकवायची नाही" असं डॉक्टरांनीच बजावलेलं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात गेली आणि वर पुरेसं खाणं नसलं, तर साखर उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. आपल्या पंचांगात उपास कमी नाहीत. श्रावण, नवरात्र, एकादश्या. पण शुगरची गोळी लिहिताना "उपास करता का?" हे विचारणारे डॉक्टर मी फार थोडे पाहिले. २०१७ साली अनेक देशांतल्या तपासणीच्या वेळा ताडून पाहणारा एक अभ्यास आला होता. बांगलादेशात एका पेशंटला सरासरी ४८ सेकंद मिळत होते, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं आणि भारतात दोन मिनिटांच्या आसपास. दोन मिनिटांत संकष्टीचा विषय निघायचा कसा?

लहान मुलांच्या बाबतीत घोळ होतो तो बाटलीचा. पॅरासिटामॉलचे बाळांचे थेंब आणि मोठ्या मुलांचं सिरप, दोन्ही तापाचं औषध. पण थेंबांच्या एका मिलीलिटरमध्ये बहुधा १०० मिलिग्रॅम असतात. सिरपच्या पाच मिलीलिटरमध्ये १२० ते २५०. सिरप संपलं म्हणून थेंबांच्या बाटलीतून तेच पाच मिलीलिटर पाजले तर पोटात ५०० मिलिग्रॅम जातात. आणि ‘एक चमचा’ म्हणजे स्वयंपाकघरातला कुठलाही चमचा नव्हे. बाटलीबरोबर येणारं मापाचं टोपण किंवा ड्रॉपर त्याच बाटलीचा, दुसऱ्या बाटलीला लावायचा नाही.

पाकीटच सांगतं

शिकलेल्या माणसाकडून इतक्या चुका होतात, मग न शिकलेल्यांसाठी काय करायचं, असा प्रश्न मला पडला होता. त्याचं उत्तर आपल्याकडे गेली कित्येक दशकं आहे, कुष्ठरोगाच्या औषधात. बहुविध औषधोपचार सुरू झाला तेव्हा एकाच पेशंटला काही औषधं महिन्यातून एकदा कर्मचाऱ्यासमोर आणि काही रोज घरी, असा गुंतागुंतीचा कार्यक्रम होता. वरून मोठ्यांचा डोस वेगळा, मुलांचा वेगळा, आजाराच्या प्रकाराप्रमाणे आणखी वेगळा. म्हणून २८ दिवसांचं एक सलग पाकीट केलं गेलं. पहिल्या दिवसाच्या गोळ्या वर, वेगळ्या चौकटीत. खाली ओळीने रोजच्या. प्रकार आणि वय यांप्रमाणे पाकिटाचा रंग लाल, हिरवा, पिवळा किंवा निळा. कुठल्या दिवसाची गोळी राहिली, ते भरलेल्या खळग्यावरून दिसतं. कर्मचाऱ्याला पाकीट पाहूनच कळतं. चिठ्ठी वाचायची, आठवायची, मोजायची गरजच पाकिटाने काढून टाकली. क्षयरोगाच्या कार्यक्रमातही बरीच वर्षं प्रत्येक पेशंटच्या नावाचा, पूर्ण उपचाराचा, लाल किंवा निळा खोका असे.

गरिबांच्या आजारांसाठी जे जमलं ते रक्तदाब-मधुमेहासाठी जमू नये? तिथे औषध सरकार वाटत होतं आणि पाकीट एकच होतं. इथे एकेका औषधाचे ढीगभर ब्रँड आहेत आणि प्रत्येकाला स्वतःचं पाकीट उठून दिसायला हवं आहे. २०२३च्या ऑगस्टपासून तीनशे प्रमुख ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. त्यात नाव, बॅच, तारीख, उत्पादक सगळं आहे. बनावट माल ओळखायला त्याचा उपयोग होईल. वाईच्या आजींना त्याचा काही उपयोग नाही. ‘रिकाम्या पोटी’, ‘फक्त रविवारी’, ‘उपासाच्या दिवशी डॉक्टरांना विचारा’ एवढं मराठीत छापायला कुठलंही तंत्रज्ञान लागत नाही.

पांढरा कोट

फार्मसी कायदा १९४८ सालचा आहे. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं, हे तेव्हापासून ठरलेलं. प्रत्यक्षात परवाना एकाच्या नावाचा, तो भिंतीवर टांगलेला, आणि काउंटरवर दुसराच कुणी, हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. २०११ नंतर अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना महेश झगडे यांनी ‘फार्मासिस्ट नाही तर विक्री नाही’ हे खरोखर लागू करायला घेतलं, तेव्हा राज्यातल्या औषधविक्रेत्यांनी दुकानं बंद ठेवण्याचं हत्यार उपसलं. त्यांचे काही मुद्दे खरेही होते. खेड्यात फार्मासिस्ट मिळत नाही, मिळाला तर त्याचा पगार परवडत नाही. पण तो संपूर्ण वाद ‘दुकान चालवायचं कसं’ याभोवती फिरला. काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाचा त्यात फारसा विषय निघाला नाही.

२०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी फार्मासिस्टवर आणखी एक काम घातलं: पेशंटला औषध समजावून सांगणं. अंगात पांढरा कोट, त्यावर नाव आणि नोंदणी क्रमांकाचा बिल्ला, हेही त्यातच आहे. म्हणजे गोळी कशाची, कधी, कशाबरोबर नाही, हे विचारणं ही तुमची आगाऊपणाची चौकशी नव्हे, ते सांगणं त्यांच्या कामात मोडतं. माझं मत विचाराल तर दवाखान्याच्या भिंती रंगवून आणि पोस्टर लावून जे होणार नाही, ते या एका नियमाची अंमलबजावणी केल्याने होईल. डॉक्टरांच्या दोन मिनिटांची चार मिनिटं होणं अवघड आहे. औषध हातात पडण्याआधी ते समजणारा शेवटचा माणूस काउंटरपलीकडचा, आणि त्याला आपण सुट्टे पैसे मोजायच्या कामाला लावलं आहे.

तेव्हा पुढच्या खेपेला बिल देण्याआधी पांढरा कोट शोधा आणि पट्टी पुढे धरून विचारा: ही कशासाठी, कशी घ्यायची, आणि घरात चालू असलेल्यांपैकी कुठली हिच्याऐवजी बंद करायची? घरातल्या सगळ्या औषधांची मूळ नावांसह यादी एका कागदावर करून प्रत्येक डॉक्टरांना दाखवा, आयुर्वेदिक काढ्यांसकट. आणि औषधाने काही त्रास झाला असं वाटलं तर आधी डॉक्टरांना गाठा, मग १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवा. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनची ही मदतवाहिनी आहे. पेशंटने स्वतः भरायचा त्यांचा फॉर्म मराठीतही मिळतो.